पहाटेचे विमान आणि विमानतळावरची रात्र



आरोग्याच्या पानावर विमानाचा विषय पाहून काही वाचक म्हणतील, आपल्या वस्तीत विमानाने जातो कोण? पण आजूबाजूला पाहा. कोणाचा मुलगा बंगळूरला कंपनीत लागला आहे. कोणाचा जावई आखातात कामाला आहे. कोणाची मुलगी मुलाखतीसाठी दिल्लीला जाते. कोणी मोठ्या ऑपरेशनसाठी मुंबईला जाते, तर कोणी वयस्क उपासक-उपासिका बोधगयेला जाताना तेवढाच एक प्रवास विमानाने करतात. तिकीट स्वस्त पाहिजे म्हणून आपण अनेकदा पहाटेचे विमान घेतो. विमान साडेपाच-सहाचे असते. त्या वेळी गावाकडून एसटी नसते, शहरातली मेट्रो आणि सिटी बस बंद असते आणि रात्रीच्या रिक्षाचे भाडे तिकिटाची बचत खाऊन टाकते. मग आपण आदल्या रात्रीच विमानतळावर जाऊन बसतो.

ही रात्र काढावी कशी, याबद्दल कोणी काही सांगत नाही. सामान किती किलो चालते हे सगळे विचारतात. शरीराला ही रात्र किती झेपेल हे मात्र कोणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते. त्याची किंमत आमच्यातल्या दोघींनी मोजली, म्हणून हा पाठ लिहीत आहोत.

आमच्यावर आलेली रात्र

मागच्या हिवाळ्यात या पानाचे काम पाहणारे आम्ही सहा जण एका आरोग्य प्रशिक्षणासाठी निघालो होतो. विमान पहाटे ५ वाजून ४० मिनिटांनी होते. शेवटच्या एसटीने शहरात आलो आणि साडेदहाच्या सुमारास विमानतळावर पोहोचलो. आमच्यात चोवीस वर्षांची एक ताई होती. तिला सिकलसेलचा आजार आहे. दुसऱ्या एक मावशी होत्या. त्या मधुमेहासाठी इन्सुलिन घेतात. दोघींच्या परवानगीने हे लिहीत आहोत.

आत एसीची थंडी होती. ताईच्या अंगात पातळ स्वेटर होता. घरून निघताना तिची आई गोधडी घे म्हणत होती. ताई म्हणाली, "आई, विमानतळावर गोधडी कोणी नेते का? लोक हसतीन." पाण्याचेही तसेच झाले. बाटली संपली, पण पुन्हा भरायला कोणी उठले नाही. आम्ही विचारले तर ताई म्हणाली, "पाणी पिलं का पुन्हा पुन्हा जावं लागते. राहू द्या ना." रात्रभर ती लोखंडी खुर्चीत आखडून बसली होती. झोप अर्ध्या तासाचीही झाली नाही.

मावशींनी सवयीप्रमाणे रात्रीचे जेवणाआधीचे इंजेक्शन घेतले. डब्यातल्या पोळ्या त्यांनी सकाळसाठी राखून ठेवल्या होत्या आणि तिथले खाणे महाग दिसले. म्हणून दोन बिस्किटे खाऊन त्या म्हणाल्या, "मला भूकच नाही बाई." रात्री एकच्या सुमारास एवढ्या थंडीत त्यांना घाम फुटला. हात थरथरू लागले. काय बोलतात ते कळेना. आम्हाला आधी वाटले, पहिला विमानप्रवास आहे, घाबरल्या असतील. आमच्यातल्या एकीच्या लक्षात आले की साखर उतरली आहे. चहाच्या ठेल्यावरून साखरेच्या पुड्या आणून पाण्यात घोळून पाजल्या. पंधरा मिनिटांत त्या सावरल्या. मग त्यांना पोळी खाऊ घातली.

ताईचे दुखणे विमानात सुरू झाले. आधी पाठ, मग मांड्या, मग छाती. उतरल्यावर तिला थेट रुग्णालयात न्यावे लागले. चार दिवस सलाईन आणि दुखणे कमी करणारी औषधे चालली. प्रशिक्षण आमच्यापैकी तिघांनीच केले. आमच्यात सर्वात जास्त अभ्यास करून आलेली होती तीच पलंगावर होती.

यात विमानतळाचा दोष नव्हता, कोणा कर्मचाऱ्याचाही नव्हता. तयारीत आम्ही कमी पडलो. आरोग्याचे पान चालवणारेच कमी पडले, हे कबूल केले पाहिजे.

शरीरात काय घडले

विदर्भात आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजात सिकलसेल बरेच आढळते. त्यामुळे ही माहिती घराघरात असली पाहिजे. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांतून सहज निघून जातात. सिकलसेलच्या रुग्णात, शरीराला ऑक्सिजन किंवा पाणी कमी पडले की या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. त्या बारीक वाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त पोहोचत नाही आणि तिथे असह्य दुखते. हाडे, सांधे, पाठ, छाती, पोट, कुठेही दुखू शकते.

हे दुखणे उठवणारी कारणे डॉक्टर नेहमी सांगतात: अंगात पाणी कमी होणे, थंडी लागणे, फार थकवा, ताप किंवा जंतुसंसर्ग, आणि ऑक्सिजन कमी असलेली उंच जागा. आता विमानतळावरची रात्र डोळ्यांसमोर आणा. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी कमी प्यायलो. एसीत कुडकुडलो. झोप नाही. वर विमानात उंची. विमान तीस हजार फुटांहून वर उडते. आत हवा दाबून भरलेली असते, तरी ती साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असते तेवढीच विरळ असते. महाराष्ट्रातले सर्वात उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फूट आहे. म्हणजे विमानात बसलेला माणूस श्वासाच्या हिशेबाने कळसूबाईच्याही वर बसलेला असतो. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. रात्रभर तहानलेल्या, गारठलेल्या सिकलसेल रुग्णाला जाणवते.

इथे एक फरक नीट समजून घ्या. सिकलसेलचा वाहक, म्हणजे ज्याच्या अहवालात एएस लिहिलेले असते, त्याला अशा प्रवासात सहसा त्रास होत नाही. पाणी आणि ऊब एवढी काळजी पुरे. एसएस लिहिलेला माणूस म्हणजे रुग्ण. त्याने विमानाचे तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. अहवालात काय आहे हे घरात माहीतच नसेल तर प्रवासाची वाट पाहू नका, सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आहे आणि तपासणी हा त्याचा मुख्य भाग आहे.

मावशींचे कारण वेगळे होते. इन्सुलिन रक्तातली साखर खाली आणते. इंजेक्शन घेतल्यावर पोटात अन्न गेले नाही तर साखर गरजेपेक्षा खाली जाते. ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, भूक, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, असंबद्ध बोलणे अशी लक्षणे दिसतात. वेळीच साखर दिली नाही तर माणूस बेशुद्ध पडतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही असे होऊ शकते.

पाणी: सर्वात आधी ही गोष्ट

आम्ही नंतर आपल्या बायाबापड्यांशी बोललो. प्रवासात पाणी कमी पिणे ही जवळपास प्रत्येकीची सवय निघाली. एसटी स्टँडवरच्या घाणेरड्या मुताऱ्यांनी ही सवय लावली आहे. पण विमानतळाच्या आत स्वच्छतागृह असते, ते रात्रभर उघडे असते आणि त्याला पैसे पडत नाहीत. पिण्याचे पाणीही आत फुकट मिळते. नळ किंवा कूलर दिसला नाही तर विचारा. आपल्यातले बरेच जण तिथे विचारायला बिचकतात. समोरचा इंग्रजीत बोलेल, आपले कपडे पाहील, असे वाटते. बिचकू नका. मराठीत किंवा हिंदीत विचारा. तुमच्या हातात तिकीट आहे. पाणी आणि स्वच्छतागृह ही कोणाची मेहेरबानी नाही. पाण्यासाठी आपल्या समाजाने काय सोसले हे आपण जाणतो. समोर नळ असताना संकोचाने तहानलेले बसणे आपल्याला शोभत नाही.

रिकामी बाटली घरूनच न्या. सुरक्षा तपासणीत रिकामी करायला सांगितली तर करा आणि पुढे गेल्यावर पुन्हा भरा. परदेशी विमानासाठी १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतले द्रव हातातल्या पिशवीत चालत नाही, पण रिकामी बाटली चालते. जागे असताना तासाला एक पेला पाणी घ्या. सिकलसेल रुग्णाने तर घड्याळ लावून प्यावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असून डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिले असेल तर त्यांनी तेच माप पाळावे. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडते आहे असे समजा. लघवी तासन्‌तास रोखून धरल्याने बायांना जळजळ आणि संसर्ग होतो, तोही वेगळाच त्रास.

ऊब आणि झोप

गोधडी न्या. सरळ न्या. शाल, कानटोपी, पायमोजेही न्या. हे सामान हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठी बॅग काउंटरवर एकदा दिली की ती उतरल्यावरच हाती येते. एसीच्या झोताखाली आणि सतत उघडणाऱ्या दाराजवळ बसू नका. लोखंडी खुर्ची अंगातली ऊब ओढून घेते, खाली काहीतरी पसरा. फरशीवर आडवे व्हायचे असेल तर गोधडीची दुहेरी घडी खाली घाला. कोणाच्या येण्याजाण्याच्या वाटेत झोपू नका, एवढे पाळले तर कोपऱ्यात आडवे होण्यात लाज कसली?

झोपेची तयारी आदल्या दुपारपासून करा. दुपारी तास-दीड तास झोपून घ्या. विमानतळावर सलग सात तास झोप मिळणार नाही, म्हणून तुकड्यातुकड्याने घ्या. दोघे-तिघे असाल तर पाळी लावा. एकाने जागावे, बाकीच्यांनी झोपावे, दोन तासांनी बदल करावा. आजारी आणि वयस्क माणसाला जागरणाची पाळी देऊ नका. एकटे असाल तर बॅगेचा पट्टा मनगटाला किंवा पायाला गुंडाळा. पैसे आणि ओळखपत्र अंगावर ठेवा. मोबाइलला दोन गजर लावा आणि शेजारी बसलेल्या कुटुंबालाही सांगून ठेवा. एकट्या मुलीने कुटुंबांजवळ, उजेडात, कर्मचारी दिसतील अशा जागी बसावे.

मध्यरात्रीनंतर चहावर चहा पिऊ नका. चहा-कॉफीचा अंमल कित्येक तास राहतो, मग विमानातही डोळा लागत नाही. आणि एक महत्त्वाचे: जागरण करून उतरलेल्या माणसाने लगेच मोटारसायकल चालवू नये. न झोपलेल्या माणसाचा हात ब्रेकवर उशिरा जातो. घ्यायला येणाऱ्याने रात्रभर जागून गाडी आणू नये, हेही तेवढेच खरे.

खाणे

घरचा डबा न्या. पोळी, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, उकडलेली अंडी, केळी, भाजलेले फुटाणे, असे कोरडे अन्न घेऊन जाता येते. लोणचे आणि पातळ भाजी हातातल्या पिशवीत नको, तपासणीत अडते. डबा दोन भागांत करा, एक रात्रीचा, एक सकाळचा. रात्रीचा भाग रात्रीच संपवा. सकाळसाठी राखून उपाशी झोपणे ही आपल्या आयांची जुनी सवय आहे. घरात ती मायेपोटी असते, पण मधुमेही आईसाठी ती धोक्याची आहे.

तिथले खाणे महाग असते हे खरे. त्यावर सरकारचे थोडे लक्ष गेले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाले, तिथे चहा आणि पाण्याची बाटली प्रत्येकी १० रुपयांत ठेवली. पुढे आणखी काही विमानतळांवरही असे कॅफे निघाले. तुमच्या विमानतळावर आहे का ते विचारून घ्या. पण त्याच्या भरवशावर डबा घरी ठेवू नका.

औषधे

औषधे कधीही मोठ्या बॅगेत टाकू नका. बॅग मागे राहिली तर औषधही मागे राहते. इन्सुलिन तर नकोच, सामानाच्या जागेत ते गोठून निकामी होऊ शकते. इन्सुलिन, सुई किंवा पेन, गोळ्या, दम्याचा पंप, हे सगळे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. तपासणीत विचारले तर चिठ्ठी दाखवा. जितक्या दिवसांचा प्रवास, त्यापेक्षा तीन-चार दिवसांचे औषध जास्त घ्या.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक नियम पाठ करावा: आधी जेवण समोर, मग इंजेक्शन. डबा उघडून मांडीवर ठेवल्याशिवाय जेवणाआधीचे इंजेक्शन घ्यायचे नाही. प्रवासाच्या रात्री किती मात्रा घ्यायची, हे आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोजची पूड ठेवा. मोठ्या बॅगेत नव्हे, खिशात.

सिकलसेल रुग्णाने हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक अॅसिड जे चालू असेल ते प्रवासाच्या दिवशीही चुकवू नये. दुखणे उठले तर कोणती गोळी किती घ्यायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. सिकलसेलचे कार्ड, रक्तगट आणि मागचा अहवाल सोबत असू द्यावा. रक्तदाबाच्या गोळीची सकाळची वेळ तपासणीच्या रांगेत निघून जाते, तिचाही गजर लावा.

पाय

रात्रभर खुर्चीत आणि नंतर विमानात बसून पाय सुजतात. फार वेळ पाय लोंबकळत राहिले की पोटरीच्या शिरेत रक्त साकळून गाठ होऊ शकते. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसण्याने हा धोका वाढतो. गरोदर बाई, नुकतेच ऑपरेशन झालेले, फार स्थूल आणि आधी अशी गाठ झालेले यांना तो अधिक असतो. दर तासाला उठून पाच मिनिटे चाला. बसल्या जागी टाचा टेकवून पंजे वर, मग पंजे टेकवून टाचा वर, असे वीस वेळा करा. पाय बॅगेवर उंच ठेवून आडवे व्हा. प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. गरोदर बाईने तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना आणि विमान कंपनीला विचारावे. महिने भरत आले की कंपन्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतात, आणि शेवटच्या आठवड्यांत बसू देत नाहीत.

आत जाण्याचे आणि मदतीचे नियम

आपल्या देशात विमानतळाच्या दारावर सुरक्षा दलाचे जवान तिकीट आणि फोटोचे ओळखपत्र पाहूनच आत सोडतात. सोडायला आलेल्या माणसांना सहसा आत जाता येत नाही. किती तास आधी आत घेतात हे प्रत्येक विमानतळावर सारखे नसते. म्हणून तिकिटावरच्या नंबरवर दोन दिवस आधी फोन करून विचारा: "आमचे विमान पहाटेचे आहे, आम्ही रात्री दहाला आलो तर आत बसता येईल का?" नाही म्हणाले तर रात्र बाहेर उघड्यावर काढावी लागेल, आणि थंडीच्या दिवसांत आजारी माणसासाठी ते चालणार नाही. तेव्हा शहरातल्या नातेवाइकाकडे, ओळखीच्या घरी किंवा साध्या लॉजवर रात्र काढा आणि पहाटेची रिक्षा आधी ठरवून ठेवा.

सोडायला आलेल्यांचाही विचार करा. आखाताला निघालेल्या मुलाची आई पहाटेपर्यंत बाहेरच्या कठड्यावर बसून राहते. तिचीही ती रात्रच असते. तिला गोधडी, डबा, गोळ्या पाहिजेत, नाहीतर तिला संध्याकाळीच समजावून घरी पाठवा.

देशातल्या विमानासाठी बहुतेक कंपन्या काउंटर तासभर आधी बंद करतात आणि विमानात चढण्याचे गेट साधारण २५ मिनिटे आधी. म्हणून रात्रभर तिथेच बसूनही विमान चुकणारे लोक असतात, झोप लागलेली असते.

चालणे झेपत नसेल तर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत आणि सिकलसेल आजार त्यात आहे. म्हणजे सिकलसेल रुग्णाने मदत मागणे हे लाड नव्हेत. मोठ्या विमानतळांवर वैद्यकीय कक्षही असतो. आत पोहोचताच तो कुठे आहे ते विचारून ठेवा. गरज पडल्यावर शोधण्यात वेळ जातो.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

मधुमेही माणसाला घाम, थरथर, असंबद्ध बोलणे: लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घोळून द्या. पंधरा मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा द्या. सावरल्यावर पोळी किंवा बिस्किटे द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि डॉक्टर बोलवा.

सिकलसेल रुग्णाला छातीत दुखणे, दम लागणे, ताप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, किंवा गोळीने न थांबणारे दुखणे: विमानात चढू नका. तिकीट गेले तर जाऊ द्या. कर्मचाऱ्याला सांगा, वैद्यकीय कक्षात न्या आणि "सिकलसेलचा रुग्ण आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. बाहेर असाल तर १०८ वर फोन करा.

कोणालाही छातीवर दाब, डाव्या हातात कळ, दरदरून घाम: पित्त समजून बसून राहू नका.

तिकीट काढण्याआधीचा हिशेब

आता मूळ मुद्द्यावर येतो. पहाटेचे तिकीट सातशे-आठशे रुपयांनी स्वस्त मिळाले की आपल्याला बरे वाटते. आम्हालाही वाटले होते. ताईच्या रुग्णालयाच्या चार दिवसांत ती बचत कितीतरी पटींनी गेली, आणि तिचे प्रशिक्षण गेले ते वेगळेच. तिकीट पैशात स्वस्त असते तेव्हा उरलेली किंमत शरीर भरते. धडधाकट तरुण ती भरू शकतो. तयारी केली तर त्याची रात्र बरी जाते. पण घरात सिकलसेलचा रुग्ण, इन्सुलिन घेणारा, दम्याचा, हृदयाचा रुग्ण किंवा गरोदर बाई प्रवासाला निघणार असेल तर आधी विचारा: दुपारचे विमान आहे का? रेल्वेने झोपून जाता येईल का? आदल्या रात्री टेकायला घर आहे का? तिन्हींचे उत्तर नाही असेल तरच विमानतळावरची रात्र, आणि तीही वर सांगितलेल्या तयारीने.

हातातल्या पिशवीची यादी कापून ठेवा: रिकामी बाटली, गोधडी किंवा शाल, कानटोपी, पायमोजे, दोन भागांतला डबा, साखरेच्या पुड्या, ओआरएसची दोन पाकिटे, सगळी औषधे आणि चिठ्ठी, तिकीट, ओळखपत्र, मोबाइलचा चार्जर, घरच्या दोघांचे नंबर कागदावर लिहिलेले.

विहारात वाचनासाठी प्रश्न

रविवारी विहारात हा पाठ वाचून झाल्यावर या प्रश्नांवर बोलावे.

१. आपल्या घरात सिकलसेलची तपासणी कोणाकोणाची झाली आहे? अहवालात एएस आहे की एसएस, हे किती जणांना माहीत आहे?

२. प्रवासात पाणी कमी पिण्याची सवय आपल्यात का आहे? ती मोडायला काय करता येईल?

३. मावशींचे इंजेक्शन आणि डबा यांत कोणती चूक झाली? आपल्या घरात तशी चूक होते का?

४. वस्तीतले कोणी पहाटेच्या विमानाने जाणार असेल तर त्यांना शहरातले कोणते घर रात्रीपुरते उघडे मिळेल? अशा घरांची यादी मंडळाकडे ठेवता येईल का?

चौथ्या प्रश्नावर आमच्या वस्तीत काम सुरू झाले आहे. शहरातल्या तीन कुटुंबांनी सांगितले आहे, आजारी माणूस असेल तर रात्री कितीही वाजता या, दार वाजवा.

ताई आता बरी आहे. या उन्हाळ्यात तेच प्रशिक्षण पुन्हा झाले, तेव्हा ती डॉक्टरांना विचारून दुपारच्या विमानाने गेली. पिशवीत भरलेली बाटली होती आणि आईची गोधडी होती. आम्ही विचारले, कोणी हसले का? ती म्हणाली, "शेजारच्या आजीनं अर्धी मागून घेतली."